एकशेआठ नंबरची फिल्म

नागपूर, १५ ऑक्टोबर १९७८

चि. सौ. चारू, औक्षवंत हो. आता दोघं औक्षवंत व्हा असं लिहायला हवं.

तू परदेशातून वझलवारांच्या मुलाबरोबर पाठवलेलं सामान त्याच्या घरून घेऊन आले, ते असं. कॅमेरा एक, वापरलेला, पट्ट्यासकट. त्याची फिल्म एकशेआठ नंबरची, डबी एक, आठ फोटोंची. चॉकलेटांचा पुडा एक, त्यातली चार वाटेत वितळून एक झालेली. तुझं पत्र एक. खर्च आला तो असा. रामदासपेठेपर्यंत सायकलरिक्षा जाऊन-येऊन तीन रुपये. त्या मुलासाठी संत्राबर्फी साडेचार, कारण रिकाम्या हाताने कसं जायचं. कॅमेऱ्यात घालायचे पेन्सिल सेल दोन, अडीच रुपये. एकूण दहा. मागायचे म्हणून लिहीत नाही, मांडायची सवय म्हणून लिहिते.

नऊ वर्षांत तुझं पहिलं पत्र आलं आणि तेही माझ्या नावाने. कुरियनसाहेबांशी लग्न करून गेलीस तेव्हापासून आईंनी तुझं नाव टाकलेलं, त्यामुळे पाकीट उघडायच्या आधी मी देवापुढे ठेवलं. मग आईंना मोठ्याने वाचून दाखवलं. त्या भिंतीकडे तोंड करून तांदूळ निवडत होत्या. "वाचायचं तर वाच. मी ऐकत नाही," म्हणाल्या. छत्तिसाव्या वर्षी पहिलंच, मार्चअखेरची तारीख, डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं आहे, आणि आई बाळंतपणाला आली तर बरं, इथवर आले तेव्हा ताटातला हात थांबला. मग म्हणाल्या, "मला मुलगी नाही. एकदा सांगून झालंय."

मी म्हटलं, बरं.

जेवणं झाली, भांडी झाली. सुपारी कातरता कातरता आई म्हणाल्या, "काहून गं, मार्चात तिकडे थंडी असते का?" मी म्हटलं, असते म्हणतात. "मग लोकरीचं लागेल," एवढं बोलून उठून गेल्या. चारू, यापेक्षा मोठा होकार तुझ्या आईच्या तोंडून या जन्मी निघायचा नाही. मी तोच धरला.

दुसऱ्या दिवशी हे बर्डीवर भैय्याजींकडे जाऊन आले. भैय्याजी पासपोर्टची कामं करून देतात. ते म्हणाले, "साहेब, बाकी सगळं मी पाहून घेतो. फोटो तेवढे तीन आणा, तिन्ही सारखे." आणि गाडी तिथेच अडली, कारण आईंचा फोटोचा पण. तू तेव्हा पाच वर्षांची होतीस, तुला अर्धवटच ठाऊक असेल. आईंनी नव्या लुगड्यात एक फोटो काढून घेतला होता, तर त्या फोटोवाल्याने तो न विचारता मोठा करून दुकानाच्या काचेत लावला. आईंचे सासरे त्याच रस्त्याने कचेरीत जायचे. त्यांना सून रोज सकाळ-संध्याकाळ बर्डीवर उभी राहून हसताना दिसायची. घरात जे झालं ते झालं. तेव्हापासून आईंचं एकच, ज्या फोटोची निगेटिव्ह परक्याच्या दुकानात राहते तो फोटो काढायचा नाही. मामंजींच्या शेजारी भिंतीवर लावायला आपल्याकडे आईंचा फोटो नाही, तो यामुळे.

म्हणून तुझं डोकं मानलं. ह्या कॅमेऱ्यातून फोटो जागच्या जागी निघतो आणि निगेटिव्ह कुठे जात नाही, सोलून आपल्याच हातात येते, हे मी तुझ्या पत्रातून दोनदा वाचून दाखवलं. आईंनी विचार केला. "मग हरकत नाही. पण ते सोललेलं साल माझ्याकडे द्यायचं." मग विचारलं, "कॅमेरा कोणाचा?" मी म्हटलं, कुरियनसाहेबांचा, जुना. "त्याचा का? मग गंगाजल शिंपड," म्हणाल्या. राग मानू नकोस. आधी तर त्याच्या वस्तूला हातही लावू दिला नसता.

सामान दसऱ्याच्या आदल्या दिवशी आलं, हाही योगच. ह्यांची सायकल, माझं शिवणाचं यंत्र, विळी आणि तुझा कॅमेरा ओळीने मांडून पूजा केली. त्याला पुढून दोन डोळे आहेत, एक मोठा आणि एक बारीक. दोन्हींना हळदकुंकवाची ठसठशीत बोटं लावली, वर आपट्याचं पान ठेवलं. आता चांगला दिवस पाहून फोटो काढायचे.

मला आईंना धाडायची घाई झाली आहे असा गैरसमज नको. त्या नसल्या तर घर खायला उठेल. मार्च ते सप्टेंबर म्हणजे सहा महिने होतात. सहज बोटांवर आलं म्हणून लिहिलं.

तुझी,
यमुनावहिनी


नागपूर, ३ नोव्हेंबर १९७८

चि. सौ. चारू,

बातमी बरी नाही, पण तू पडून वाच. उठून बसू नकोस.

वसुबारसेला फोटो काढले. आई अंगणात पाटावर बसल्या, हे समोर उकिडवे. तुझ्या कागदावर लिहिल्याप्रमाणे बटण दाबलं, आधी पांढरी शेपटी ओढली, मग पिवळी. मी एका लयीत रामनाम घेऊन मिनिट मोजलं, कारण आपल्या घड्याळाचा बारीक काटा ह्यांनी दुरुस्त केल्यापासून फिरत नाही. मग साल सोललं. आत आई नाहीत. एक लाल ढग, त्यात पांढरट काहीतरी. रंगपंचमीला कोणी तोंडावर मूठ मारावी तसं.

ह्यांना वाटलं, ऊन जास्त झालं. सावलीत बसवलं. लाल ढग. दारात बसवलं, तुळशीपाशी बसवलं, पाट बदलला, ह्यांनी चष्मा बदलला. आठच्या आठ तसेच. मला वाटतं ही फिल्मच जुनी असावी. तुमच्याकडचे दुकानदार परगावी जायचं म्हटलं की पडून राहिलेला माल खपवत असतील, हे काही आपल्याकडेच होतं असं नाही. कॅमेऱ्यात तर काही दोष नाही. दसऱ्यापासून देव्हाऱ्याशेजारीच ठेवलाय, कोणाचा हात लागू दिला नाही. कुंकू अजून लावल्यासारखं ताजं आहे.

पण खरी अडचण पुढेच आहे. आईंनी आठही सालं मागून घेतली, ती चिकट सालं रुमालात बांधून मला फुटाळ्याला पाठवलं, तळ्यात शिरवायला. परत आले तेव्हा त्या आठ फोटो मांडून बसल्या होत्या. म्हणाल्या, "हे पाहिलंस? तोंडावर देवीने लाल पडदा धरलाय. जाऊ नकोस म्हणते."

मी म्हटलं, आई, फिल्म खराब असेल.

"एकदा असेल. आठ वेळा देवीने सांगितलं. नवव्यांदा विचारू नये."

ह्यांनी समजूत घालायला जावं तर ते म्हणाले, "बघ आई, आता विज्ञानाच्या दृष्टीने," आणि तिथेच संपलं. लोकरीचा धागा आणायला दिलेले पैसे आईंनी माझ्याकडून परत मागून घेतले. चारू, त्यांचं येणं आता ह्या एका फोटोवर लटकलं आहे. तो स्वच्छ निघाला तर देवीचा पडदा उठला, नाही तर कौल पक्का.

मी मुकाट्याने बसले नाही. बर्डीवरची फोटोच्या सामानाची सगळी दुकानं पालथी घातली, सदरलाही जाऊन आले. रिकामी डबी काउंटरवर ठेवायची आणि विचारायचं, अशी फिल्म आहे का. एकाने ती कानाशी धरून हलवली. एक म्हणाला, "बहनजी, ये चीज तो हमने सिर्फ सुनी है." तिसऱ्याने साध्या कॅमेऱ्याचा रोल पुढे केला आणि म्हणाला, "हा घ्या, बसवला की बसते." मी म्हटलं, बसवून दाखव. नाही बसला. कामठीच्या छावणीत कोणा मेजराकडे असा कॅमेरा होता असं कळलं म्हणून ह्यांना पाठवलं, तर मेजरांची बदली झालेली. तेव्हा तिकडूनच पाठव. नंबर एकशेआठ. जपमाळेचे मणी मोजलेस तरी चुकायचं नाही.

पाय सुजतात का? सुजत असतील तर मीठ कमी कर.

तुझी,
यमुनावहिनी


नागपूर, १४ डिसेंबर १९७८

चि. सौ. चारू,

पार्सल पोचलं. उघडलं तेव्हा कॅमेरा समोर, डबी हातात, आणि हे शेजारी तयारीत. डबीवर नंबर काय? अठ्ठ्याऐंशी. वीस मणी तू कुठे घालवलेस?

तुझी चिठ्ठी वाचली. दुकानदार म्हणाला की कंपनी तीच, रंगही तसेच, म्हणून तू घेतलीस. पडल्या पडल्या माणसाकरवी मागवलीस, तेव्हा तुला बोलत नाही. पण ही फिल्म चौकोनी आहे, आणि आपल्या कॅमेऱ्याचं पोट लांबट. ह्यांनी आडवी घालून पाहिली, उभी घालून पाहिली. मग कानस घेऊन बसले. मी म्हटलं, अहो, डबीची कड घासाल तर आत उजेड शिरेल. "जरासंच घासतो," म्हणाले. जरासंच उजेडही शिरला असेल. आता ती फिल्म कुठल्याच कॅमेऱ्याच्या कामाची उरली नाही. तिचा वरचा डबा चांगला आहे, वेलदोड्याला घेतला.

आई आतून म्हणाल्या, "देवीने तिकडच्या दुकानदारालासुद्धा सांगून ठेवलंय."

हे कानशीचं चाललेलं असताना कुंपणाच्या भिंतीवरून सिंधूताई डोकावल्या. सिंधूताई गजभिये म्हणजे शेजारच्या क्वार्टरमधल्या, म्युनिसिपालटीच्या शाळेत मास्तरीण आहेत. तू गेल्यावर आल्या, म्हणून तुला माहीत नाहीत. बाई मोठ्या तिखट.

"काहून वहिनी, सकाळपासून कर्र-कर्र काहून लावलं आहे? भाऊजी तिजोरी फोडून राहिले का?"

मी सगळं सांगितलं. तुझं नाही सांगितलं. मग तुझंही सांगितलं. त्यांनी कॅमेरा मागितला, लांबूनच पाहिला आणि म्हणाल्या, "थांबा. हे डबडं मी पायलं आहे. इंदोऱ्याले माझ्या माहेराजवळच्या विहारात जपानचे एक भंते आले आहेत. दसऱ्याच्या सोहळ्याले आले ते राहूनच गेले. त्यांच्यापाशी अस्साच आहे. लोकांचे फोटो काढतात अन् तिथल्या तिथं हातात देतात. आमच्या मायच्या भिंतीवर तीन लागले आहेत."

मी तर लगेच पत्ता विचारला. तेवढ्यात आई आतूनच, पण भिंतीपलीकडे जाईल इतक्या मोठ्याने म्हणाल्या, "यमुना, तिला म्हणावं एक डबी आणून दे. पैसे देऊ."

सिंधूताईंनीही आवाज चढवला. "आजी, फिल्म माझी नाही, भंतेजींची आहे. अन् विकायची तर नाहीच. ज्याले फोटो पायजे त्यानं जाऊन मागावं. मी घेऊन जातो तुमाले. रविवारी माले सुटी आहे."

"मी कोणाच्या दारी जात नाही."

"माहीत आहे माले," सिंधूताई म्हणाल्या. "आठ वर्षं झाली, माझ्या दारी तरी कुठं आल्या? मधात भिंत एक आहे."

चारू, खरंच आहे ते. बोलणं रोजचं, भिंतीवरून लोणच्याची चव सांगणं रोजचं, मांजर कोणाचं यावरून भांडणसुद्धा रोजचं. पण त्यांच्या घरचं पाणी आईंनी कधी घेतलं नाही, आणि बोलावलं तर गुडघे दुखतात. मीसुद्धा गेले ती दोनदाच, तेही आई कीर्तनाला गेल्यावर. सिंधूताई न रागावता म्हणाल्या, तेच जास्त लागलं. कानस ठेवून हे हळूच आत गेले.

भैय्याजींचा निरोप आहे की नवीन वर्षाच्या आधी अर्ज गेला तरच मार्च गाठता येईल.

आज सकाळी आईंनी ठेवणीतलं जांभळ्या काठाचं लुगडं काढून उन्हात टाकलं. मी विचारलं, कुठे जायचंय का? "कसर लागते म्हणून टाकलं," म्हणाल्या. दुपारी येऊन म्हणाल्या, "निऱ्यांवर इस्त्री फिरव. कसर गेली की चुण्या राहतात."

एवढंच कळवते. काय समजायचं ते समज.

तुझी,
यमुनावहिनी


नागपूर, २७ डिसेंबर १९७८

चि. सौ. चारू,

आधी फोटो पाहून घे, सोबत एक घातला आहे. मग पुढचं वाच.

पाहिलास? आता ऐक.

रविवारी सिंधूताई रिक्षा घेऊन दारात आल्या. आई लुगडं नेसून, नाकात नथ नसली तरी असल्याच्या तोऱ्यात बाहेर आल्या. "मी देवीला विचारायला जात नाही," मला म्हणाल्या, "मी फक्त बघायला जाते." दोघी एका रिक्षात, मी आणि कॅमेरा दुसरीत. माझ्या रिक्षातून त्यांचं बोलणं ऐकू येत नव्हतं, पण आईंचे हात चालताना दिसत होते, म्हणजे मांजराचा विषय निघाला असावा.

सिंधूताईंच्या आई भीमाबाई दारातच उभ्या होत्या. आपल्या आईंच्याच वयाच्या. "या बाई. बसा. पोरगी म्हणे तुम्ही येत नाही, मी म्हटलं काम असलं का माणूस येते," असं म्हणून त्यांनी खुर्ची पुढे केली. भिंतीवर त्यांचे तीन फोटो, आरशासारखे लख्ख. आई त्या भिंतीसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मग मागे न वळता मला म्हणाल्या, "यांचे असे, आणि माझे तसे काहून?"

तेवढ्यात भंते आले. चाळिशीचे असतील, पायात साध्या चपला, आणि हिंदी आपल्यापेक्षा बरं. सिंधूताईंनी सगळं सांगितलं. त्यांनी माझ्याकडचा कॅमेरा हातात घेतला, पुढून पाहिला, आणखी जवळून पाहिला, आणि काही न बोलता सिंधूताईंसमोर धरला.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "याच्या डोळ्यात कुंकू काहून आहे?"

"दसऱ्याचं आहे," मी म्हटलं.

"ते दिसून राहिलं. पुसलं काहून नाही?"

"कुंकू कसं पुसायचं?"

मला वाटलं मी काही चुकीचं बोलले नाही, आणि तेवढ्यात आठही फोटो माझ्या डोळ्यांपुढून गेले. आई माझ्याकडे पाहत होत्या. तू तो पाहण्याचा प्रकार ओळखतेस. तेव्हा दुकानदारांबद्दल मी मागे जे लिहिलं ते खोडून टाक.

सिंधूताईंनी पदराचं टोक ओलं केलं आणि दोन्ही डोळे स्वच्छ पुसून काढले. "माझ्या हातून चालते," म्हणाल्या. "आम्ही छप्पन सालीच ह्या भानगडीतून मोकळे झालो."

आईंनी विचारलं, "म्हणजे देवीचा कौल नव्हता तो?"

"होता ना आजी. देवी तुमच्या सुनेच्या बोटात बसली होती."

भीमाबाई आधी हसल्या. मग भंते, त्यांना कळलं की नाही कोण जाणे. मग चारू, तुझी आई हसली. मी नाही हसले. मला हसण्यासारखं काही वाटलं नाही, घरी आल्यावर वाटलं.

फिल्म आईंना स्वतःच मागावी लागली. त्या भंतेंना म्हणाल्या, "मला बाहेरगावी जायचंय, एक फोटो पाहिजे." त्यांनी डबी काढली. एकशेआठ. तीसुद्धा त्यांच्याकडची शेवटची. सिंधूताईंनी ते सांगितलं तसं आई म्हणाल्या, "मग राहू द्या." भंते म्हणाले, "माताजी, फिल्म रखने के लिए नहीं होती," आणि घातलीसुद्धा.

पहिला फोटो काढल्यावर ते डोळे मिटून काहीतरी पुटपुटायला लागले. आईंनी हात जोडले. मला हळूच म्हणाल्या, "मंत्र दिसतो." सिंधूताई म्हणाल्या, "मंत्र नाही आजी, साठ मोजून राहिले, जपानीत." साल सोललं. आत आई. सुरकुतीन् सुरकुती, कानातल्या कुड्या, सगळं. आईंनी तो हातात घेतला तो सोडेचनात. तीस वर्षांत त्यांनी स्वतःला आरशाबाहेर पाहिलं नव्हतं. म्हणाल्या, "ही तर माझी आई आहे."

"म्हातारपणी समद्या बाया मायवरच जातात," भीमाबाई म्हणाल्या. "तुमची पोरगी बी जाईन."

आई यावर 'मला मुलगी नाही' असं बोलल्या नाहीत.

तीन सारखे फोटो जमेपर्यंत सात गेले. एकात भंतेंचं मोजणं आठवून त्या हसल्या, एकात भीमाबाईंचं कोंबडं उडालं, एकात आईंनी मला रागावायला मान वळवली. शेवटचा उरला, तो भंतेंनी दोघी म्हाताऱ्यांचा काढला. भीमाबाईंनी लगेच खिळा मागितला आणि चौथा फोटो भिंतीवर लावला. मी आईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "जरा वर लाव. तिरपा झालाय." आणि सालं मागून घ्यायची राहूनच गेली.

चहा आईंनी घेतला नाही. रक्तदाबाची गोळी घ्यायची वेळ झाली होती म्हणून गोळीपुरता घेतला. दीड कप. साखर कमी आहे असंही म्हणाल्या.

अर्ज काल गेला. लोकरीचे पैसे मला परत मिळाले. विणायला सिंधूताईंनी घेतलंय, आणि मापासाठी आई त्यांच्या घरी गेल्या. भिंतीच्या ह्या बाजूने माप देता आलं असतं, पण मी बोलले नाही.

तुझी,
यमुनावहिनी


नागपूर, १२ फेब्रुवारी १९७९

चि. सौ. चारू,

पासपोर्ट आला, आणि मुंबईला जाऊन व्हिसाही झाला. तिकीट १४ मार्चचं. कुरियनसाहेबांनी पाठवलेले कागद वेळेवर पोचले, त्यांना नमस्कार सांग.

वकिलातीतली हकिकत ह्यांच्याकडून ऐकली ती सांगते. साहेब गोरा, शेजारी मराठी बोलणारी एक बाई. साहेबाने फोटो पाहिला, आईंकडे पाहिलं, आणि विचारलं, कशासाठी जायचंय? ह्यांनी घरून तीन वाक्यं पाठ करून नेली होती. आईंनी ह्यांना गप्प केलं आणि त्या बाईला म्हणाल्या, "लेकीचं बाळंतपण. ह्या वयात मी तिकडे दुसरं काय करायला जाणार?" ह्यांच्या हातातली फाइल खाली पडली. कागद गोळा करताना त्यांनी डोळे पुसले असं ते सांगत नाहीत, पण रुमाल मी धुतला.

मग साहेबाने विचारलं, परत कधी येणार? आई म्हणाल्या, "न येऊन कसं चालेल? घर सुनेच्या हाती टाकून जातेय." त्या बाईने भाषांतर केलं तसा साहेब हसला आणि शिक्का मारला. हे शेवटचं वाक्य ह्यांनी मला सांगायला नको होतं. पण शिक्का त्याच वाक्यावर बसला असेल तर मी काही बोलत नाही.

आता बांधाबांध चालू आहे. डिंक, अळीव, बाळंतशोप, खसखस घेतली. स्वेटर झाला, बाह्या लांब झाल्यात, सिंधूताई म्हणतात विमानात आखडतील. बूट घालून आई व्हरांड्यात येरझाऱ्या घालतात आणि सिंधूताई भिंतीवरून पावलं मोजतात. तुझ्याशी मात्र अजून बोलत नाहीत. ह्या पत्रात दोन ओळी लिहा म्हटलं, तर म्हणाल्या, "जाऊनच राहिली आहे मी. लिहायचं काय त्यात?"

चार दिवसांपूर्वी भिवापुरी मिरचीचं तिखट कुटून आणलं. आत्ता मी लिहायला बसले तर आई डबा उघडून समोर बसल्या आहेत, एक रिकामी बरणी शेजारी घेऊन. भरत नाहीत आणि झाकणही लावत नाहीत. दोनदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "लिहूनच राहिलीस तर एक विचार. मी विचारलं म्हणून नको, तुझं म्हणून विचार. जावयांना हे तिखट सोसेल, का त्यांच्यापुरतं रंगाचं वेगळं घेऊ?"

तुझं उत्तर येईस्तोवर डबा उघडाच राहणार असं दिसतं, आणि मला आत्तापासूनच शिंका येऊन राहिल्या आहेत. तेव्हा जावयांना विचारून उलट टपाली कळव.

तुझी,
यमुनावहिनी